जिना हाऊस रुट्टीसाठी बांधलेलं नाही

मलबार हिलवरच्या जिना हाऊसचा फोटो आणि त्याखाली एक मजकूर मुंबईकरांच्या व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला हा महाल जिनांनी लाडक्या बायकोसाठी, रुट्टीसाठी बांधला. फाळणी याच घरात ठरली. १९४७ पासून घराला कुलूप आहे. आणि मालकी पाकिस्तानची आहे. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिलीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

रुट्टी ही पारशी उद्योगपती सर दिनशॉ पेटिट यांची मुलगी. वडिलांचा कडाडून विरोध असताना तिने १९ एप्रिल १९१८ रोजी जिनांशी निकाह केला, तो माउंट प्लेझंट रोडवरच्या ‘साउथ कोर्ट’ बंगल्यात. घोळ इथेच होतो. तो साउथ कोर्ट आज उभाच नाही. १९२८ मध्ये दोघं वेगळे झाले. २० फेब्रुवारी १९२९ रोजी, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, रुट्टी गेली. माझगावच्या खोजा कब्रस्तानात तिची कबर आहे. पुढे जिना काही वर्षं लंडनला राहिले, १९३४ मध्ये परतले, आणि त्यानंतर जुना बंगला पाडून त्याच जागी नवा बांधायला घेतला. तो १९३६ चा. म्हणजे फोटोतलं घर उभं राहिलं तेव्हा रुट्टीला जाऊन सात वर्षं झाली होती. तिने या घरात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. इथे जिनांसोबत राहिली ती त्यांची बहीण फातिमा. ती दंतवैद्य होती, मुंबईत तिचा दवाखाना होता. रुट्टीच्या मृत्यूनंतर तो बंद करून तिने भावाचं घर सांभाळलं.

यात एवढं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते हे की खरी रुट्टी पुसली जाते. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डनच्या स्मारकाला विरोध करायला मुंबईकर टाऊन हॉलवर जमले, त्यात जिनांबरोबर ती होती. त्या दिवसाची आठवण म्हणून लोकांनी वर्गणी काढून काँग्रेस हाऊसच्या आवारात पीपल्स जिना हॉल बांधला. ही अशी बाई, आणि फॉरवर्डमध्ये तिची ओळख काय, तर जिच्यासाठी महाल बांधला ती.

घर बांधलं क्लॉड बॅटली यांनी. मुंबई सेंट्रल स्टेशन ज्यांचं, तेच. जे. जे.च्या आर्किटेक्चर विभागाचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. इटालियन संगमरवर, अक्रोडाच्या लाकडाचं काम, कमानी, ऐसपैस व्हरांडे; खर्च त्या काळचे सुमारे २ लाख रुपये. जिनांचा जीव होता तो या घरावर. भारताचे पाकिस्तानातले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी लिहून ठेवलंय की बंगला सरकार ताब्यात घेणार, हा नेहरूंचा निरोप त्यांनी पोचवला, तेव्हा जिना कळवळले. आपण ते घर एकेक वीट करून उभं केलंय, जवाहरलालना म्हणावं माझं मन मोडू नका, मला अजून मुंबईला परतायचंय, असं ते म्हणाले. प्रेमकथा शोधायचीच असेल तर ती ही आहे, माणसाची आणि त्याच्या शहराची.

फाळणी इथे ठरली, हेही नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी-जिना बोलणी याच घरात झाली, गांधीजी तेव्हा त्याच रस्त्यावरच्या बिर्ला हाऊसमध्ये उतरले होते. ९ तारखेला सुरू झालेली बोलणी २७ तारखेला फिसकटली. १५ ऑगस्ट १९४६ ला नेहरूही इथेच जिनांना भेटले, त्यातूनही काही निघालं नाही. पाकिस्तानच्या मागणीचा ठराव १९४० चा, लाहोरचा. फाळणीची योजना जाहीर झाली ३ जून १९४७ ला, दिल्लीत. या घरात झाले ते तोडग्याचे प्रयत्न, आणि ते फसले.

कुलपाचं तर सरळच आहे. स्वातंत्र्यानंतर १९८२ पर्यंत हा बंगला ब्रिटिश उप-उच्चायुक्तालयाकडे भाड्याने होता.

मालकीचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, पण पाकिस्तान त्यात मालक म्हणून कुठेच नाही. १९३९ च्या मृत्युपत्रात जिनांनी घर फातिमाच्या नावे केलं. ती पाकिस्तानात गेली आणि घर निर्वासित मालमत्ता, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता, म्हणून सरकारच्या ताब्यात आलं. पाकिस्तानने ते वकिलातीसाठी अनेकदा मागितलं, मिळालं नाही. २००७ मध्ये जिनांची मुलगी दीना वाडिया वारस म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेली. फाळणीच्या वेळी ती भारतातच राहिली होती, तिचं लग्न इथेच झालं होतं. २०१७ मध्ये ती न्यूयॉर्कला वारली, दावा तिच्या मुलाने पुढे चालवला. २०१८ मध्ये घर परराष्ट्र मंत्रालयाकडे सोपवायचं ठरलं, परदेशी पाहुण्यांच्या भेटीगाठी होतात त्या दिल्लीच्या हैदराबाद हाऊससारखं वापरता यावं म्हणून.

‘फाळणीचं घर’ हा शिक्का निरुपद्रवी नाही. त्याच्याच जोरावर २०१७ मध्ये हा बंगला पाडून टाकण्याची मागणी विधानसभेत झाली होती. तुमच्या ग्रुपवर तो मजकूर पुन्हा आला, तर खाली निदान दोन सनं टाका: रुट्टीचा मृत्यू १९२९, घर १९३६.