गुंगीला नव्हे, पाव गोळीला घाबरा

नागपुरातल्या कुत्रे-मांजरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: डॉक्टरकडे नेण्याआधी जनावराला गुंगीचं औषध देणं ही निव्वळ डॉक्टरांची सोय आहे. गुंगी म्हणजे अर्धी बेशुद्धी, तिच्यात हृदय बंद पडतं. रिपोर्ट चुकतात. एकदा दिली की सवय लागते. त्यापेक्षा दोघातिघांनी घट्ट धरा, दोन मिनिटांत काम होतं. आणि अगदीच आवरत नसेल तर घरातली झोपेची गोळी पाव करून द्या, ती सौम्य असते.

शेवटचं वाक्य वाचून हे लिहावं लागलं. ज्या मेसेजला गुंगी जीवघेणी वाटते, तोच मेसेज वजन न करता, कोणाला न विचारता, माणसाच्या औषधाने घरीच गुंगी द्यायला सांगतो!

आधी ‘गुंगी म्हणजे अर्धी बेशुद्धी’ हा मुद्दा. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिली, घरून देऊन निघायची भीती कमी करणारी औषधं: मांजरांत बहुतेकदा गॅबापेंटिन, कुत्र्यांत गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन. यात जनावर चालतं, हाक मारली की कान टवकारतं, फक्त भीतीचं टोक गाठत नाही. दुसरी, दवाखान्यात इंजेक्शनने दिलेली गुंगी: झायलाझिन किंवा डेक्समेडेटोमिडिन, जोडीला बरेचदा ब्युटॉर्फॅनॉल. यात जनावर आडवं होतं. तिसरी पूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी घालून. लस टोचणं, रक्त घेणं, नखं कापणं, कान तपासणं यासाठी बहुतेक जनावरांना पहिली पुरते आणि अनेकांना तीही लागत नाही. मेसेज तिसरीची भीती पहिलीला चिकटवतो.

‘हृदय बंद पडतं’ याचे आकडे उपलब्ध आहेत, ते बघू. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतून मोठी पाहणी झाली आणि ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. भूल किंवा इंजेक्शनची गुंगी दिलेल्या कुत्र्यांत साधारण ६०१ मागे १ आणि मांजरांत ४१९ मागे १ मृत्यू नोंदला गेला. यात आधीच आजारी असलेली जनावरंही आहेत. फक्त धडधाकट जनावरं घेतली तर कुत्र्यांत ०.०५ टक्के आणि मांजरांत ०.११ टक्के. म्हणजे धोका शून्य नाही, पण ‘गुंगी दिली की गेलं’ असंही नाही. शिवाय हे आकडे भूल आणि इंजेक्शनचे आहेत, घरून दिलेल्या कॅप्सूलचे नव्हेत. त्याच पाहणीतली खरी कामाची गोष्ट मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही: कुत्र्यांतले जवळपास निम्मे आणि मांजरांतले ६० टक्क्यांच्या आसपास मृत्यू काम आटोपल्यानंतर झाले, बहुतेक पहिल्या तीन तासांत. तेव्हा डॉक्टरांना ‘गुंगी द्याल का?’ यापेक्षा ‘पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण थांबतं?’ हे विचारा. थर्मामीटर, ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि शिरेत लावलेली सुई, एवढं तरी इंजेक्शनच्या गुंगीला हवं.

इथे मेसेजमधल्या रागाला थोडी जागा आहे, हेही मान्य करू. काट्यावर न चढवता नजरेने वजन ठरवून झायलाझिन भरणं, टेबलावरून उतरवताच ‘घेऊन जा, घरी उठेल’ म्हणणं, हे घडतं आणि ते चूकच आहे. नजरेने २५ किलोचा वाटलेला लॅब्रॅडॉर काट्यावर ३२ भरतो, चरबी जास्त असली तर डोसचा हिशेब आणखी बदलतो. झायलाझिनने नाडी मंदावते आणि कुत्र्यांना, त्याहून जास्त मांजरांना, उलटी होते. पोट भरलेलं असलं तर ती फुप्फुसात जायची भीती. पण या औषधांचा उतारा असतो: झायलाझिनला योहिम्बिन, डेक्समेडेटोमिडिनला ॲटिपॅमेझोल. भुलेसाठी वापरल्या जाणाऱ्या केटामाइनला तसा उतारा नाही. आपल्या जनावराला काय टोचलं आणि उतारा दवाखान्यात आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

आता ‘घट्ट धरा, दोन मिनिटांचं काम.’ पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा घ्या. मे महिन्यातली दुपार, सक्करदऱ्याहून धरमपेठेपर्यंत ॲक्टिव्हाच्या पायाशी बसून आलेला. आधीच धापा टाकतो आहे. कुत्र्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर पडते, आणि नेमकं तेच तोंड आपण पट्टीने करकचून बांधतो. वरून तिघांचं वजन. तो झटापट करतो, स्नायू तापतात, घशातला लोंबता भाग सुजतो, हवा अजून कमी जाते, तो अजून झटापट करतो. जिभेचा गुलाबी रंग आधी गडद लाल आणि मग निळसर होतो. ही दोन मिनिटं गुंगीपेक्षा कितीतरी धोक्याची. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता, आणि चाळिशीच्या वरचे दिवस आपल्याकडे दरवर्षी येतात. उन्हाळ्यात वेळ सकाळचीच घ्या. तोंड बांधणं भागच असेल तर जाळीचं, कुत्र्याला आत तोंड उघडून जीभ बाहेर काढता येईल असं मझल वापरा, आणि त्याची सवय आठ दिवस आधी घरी पोळीचे तुकडे देत लावा.

मांजराचं वेगळंच. अनेक मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार वर्षानुवर्षं छुपा असतो. अशा मांजराला मानेच्या कातडीला धरून दाबलं की नाडी भलतीच वाढते आणि फुप्फुसात पाणी साचू शकतं. तोंड उघडं ठेवून धापा टाकणारं मांजर म्हणजे हात सोडा आणि ऑक्सिजन द्या, असा अर्थ. ‘थोडं अजून धरा, झालंच’ असं म्हणणारा तिथेच चुकतो.

‘रिपोर्ट चुकतात’ हा मुद्दा निम्मा खरा आहे. झायलाझिन आणि डेक्समेडेटोमिडिन रक्तातली साखर वाढवतात. एसप्रोमाझिन हे गुंगीचं आणखी एक औषध रक्तदाब उतरवतं, आणि प्लीहेत रक्त साचल्यामुळे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाणही कमी दिसतं. लंगडणं किंवा मेंदू-मज्जासंस्था तपासायची असेल तर गुंगीत चाल पाहून काही कळत नाही. पण भीतीने रिपोर्ट चुकत नाहीत काय? झटापट केलेल्या मांजराची साखर २०० ते ३०० मिग्रॅपर्यंत सहज चढते आणि तास-दीड तास उतरत नाही. नसलेला मधुमेह कागदावर उमटतो. रक्तदाब १६० च्या वर दिसला तर तो आजार की धास्ती, हे सांगता येत नाही. म्हणून कोणतं औषध, किती मिग्रॅ, किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहून न्या. डॉक्टर त्या हिशेबाने रिपोर्ट वाचतात.

सवय लागण्याचं म्हणाल तर वर्षातून तीन-चारदा दिलेल्या एकेका डोसाने सवय लागत नाही. लागते ती भीतीची. एकदा चौघांनी दाबून धरलेला कुत्रा पुढच्या वेळी दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशीच चार पाय रोवतो.

आता ती पाव गोळी. घरात असते ती बहुधा आजीच्या डब्यातली अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम. या गटातल्या औषधांनी काही जनावरांत शांती येण्याऐवजी आवर सुटतो; एरवी भीतीने गोठून बसणारा कुत्रा थेट चावतो. याच गटातलं डायझेपाम तोंडाने दिल्यावर मांजरांत क्वचित यकृत निकामी होऊन मृत्यू आलेले आहेत, आणि कोणत्या मांजरात तसं होईल हे आधी ओळखता येत नाही. हळूहळू विरघळणारी गोळी तोडली की तिचा सगळा डोस एकदम सुटतो. ॲविल हा दुसरा लाडका उपाय. तो ॲलर्जीवरचा आहे, किंचित पेंग आणतो, भीती तशीच ठेवतो. आणि अंग गरम लागतं म्हणून मांजराला पॅरासिटामॉल, हे तर विषच.

आणखी एक फसगत औषधाच्या दुकानात होते. चिठ्ठीवर नुसतं गॅबापेंटिन असतं आणि काउंटरवरून मिश्रण येतं. आपल्याकडे गॅबापेंटिन मिथिलकोबालामिनबरोबर किंवा नॉरट्रिप्टिलीनबरोबर सर्रास मिळतं. पहिल्याने फारसं बिघडत नाही. दुसरं नैराश्यावरचं औषध आहे, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, आणि ट्रॅझोडोनबरोबर गेलं तर सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, अस्वस्थपणा येऊ शकतो. पट्टीवर नावापुढे ‘एनटी’ (म्हणजे नॉरट्रिप्टिलीन) अशी अक्षरं असतील तर परत करा. मागची बारीक अक्षरं वाचा, घटक एकच असायला हवा. पातळ औषध असेल तर त्यात झायलिटॉल नावाची गोडी नाही ना, हेही बघा. कुत्र्यांना ती घातक आहे.

मग डॉक्टर देतात ते नेमकं कसं असतं? साधारण ४ किलोच्या निरोगी मांजराला गॅबापेंटिन १०० मिग्रॅ, निघण्याआधी नव्हे, तपासणीच्या दोन ते तीन तास आधी. म्हणजे १० ची वेळ असेल तर साडेसातला. मूत्रपिंड अधू असेल तर डोस निम्मा किंवा त्याहून कमी, कारण हे औषध लघवीवाटेच बाहेर पडतं. कुत्र्यात ट्रॅझोडोन किलोमागे ५ मिग्रॅच्या आसपास सुरू करतात, दीड-दोन तास आधी. आधीपासून फ्लुऑक्झेटिन (नैराश्यावरचं) किंवा ट्रॅमाडॉल (वेदनेवरचं) चालू असेल तर ते सांगायलाच हवं, सेरोटोनिन वाढण्याची भीती इथेही असते. हे आकडे चिठ्ठी पडताळायला आहेत, चिठ्ठीशिवाय वापरायला नाहीत.

कॅप्सूल स्टीलच्या बशीत उघडा, पावडर चमचाभर ओल्या खाण्यात किंवा उकडलेल्या कोंबडीच्या बिनमिठाच्या रश्श्यात कालवा. पावडर कडू असते, म्हणून पूर्ण वाटीत मिसळाल तर मांजर वरवर चाटून निघून जाईल आणि किती पोटात गेलं हे कोणालाच कळणार नाही. तोंडाला फेस आला तर तो कडवटपणाचा, विषबाधेचा नव्हे. ३०० ची कॅप्सूल आणून ‘अंदाजे तिसरा भाग’ करू नका, १०० ची मिळते. भरपेट मात्र खाऊ घालू नका. त्या दिवशी इंजेक्शनची गुंगी लागणार असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरच सांगतील, आणि लहान पिल्लाला ते तास कमी असतात.

‘दिलं, पण काहीच झालं नाही’ ही तक्रार बहुतेकदा वेळेची असते. मांजराला आधी पलंगाखालून ओढून काढलं, पिशवीत कोंबलं आणि मग औषध पाजलं, तर चढलेल्या भीतीपुढे ते लागू पडत नाही. औषध आधी, पिंजरा नंतर. पिंजरा वरचं झाकण निघणारा घ्या, आठवडाभर आधीच घरात उघडा ठेवा, आत मांजराचंच अंथरूण. भाजीच्या थैलीतून मांजर नेऊ नका. आणि पहिला डोस तपासणीच्या दिवशी नको. एखाद्या रविवारी, कुठे जायचं नसताना देऊन बघा. किती वेळाने पेंग आली, मागचे पाय किती लटपटले, किती तासांनी उतरलं, हे लिहा. त्यावरून डॉक्टर डोस कमी-जास्त करतात.

घरी आणल्यावर त्या दिवशी गच्ची बंद, जिना बंद. लटपटतं मांजर नेहमीच्या कपाटावर उडी मारायला जातं आणि पडतं. घरात दुसरं मांजर असेल तर रात्रीपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा, दवाखान्याच्या वासाने ते फिसकारतं. इंजेक्शनची गुंगी दिली असेल तर मान सरळ राहील असं जमिनीवर झोपवा. गुंगीत अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, म्हणून डेझर्ट कूलरच्या थेट झोतात नको आणि पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीतही नको. जनावर नीट चालायला लागल्यावरच खायला द्या, तेही थोडंसं. हिरडी गुलाबी आहे ना ते अधूनमधून बघा: बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. पांढरट किंवा निळसर दिसली, किंवा हाक मारून हलवूनही उठलं नाही, तर ग्रुपवर फोटो टाकत बसू नका, डॉक्टरांना फोन लावा.