चष्मा मी मांडला नव्हता

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. गोदाकाठच्या सकाळच्या फेरीत सापडलेल्या वस्तूंविषयीच्या माझ्या लेखातील चष्म्याच्या छायाचित्रावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. तो चष्मा मी स्वतःच पायरीवर मांडला असावा, हा पहिला. आणि रामकुंडाजवळ टाकलेला चष्मा बहुधा एखाद्या दिवंगत व्यक्तीचा असताना त्याखाली ‘नजर ठेवून आहे!’ असे लिहिणे असंवेदनशील आहे, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आणि दशक्रियेसाठी माणसे येतात, हे नाशिककराला कोणी सांगावे लागू नये. तरीही ती ओळ लिहिताना मला केवळ स्वतःच्या शब्दांची गंमत वाटली होती. ती ओळ मी काढून टाकली आहे. छायाचित्र मात्र ठेवले आहे, कारण त्यात कोणाचा चेहरा वा नाव नाही. काठावर सोडलेल्या, हार घातलेल्या तसबिरींचे फोटो मी याच कारणासाठी काढत नाही.

पहिल्या आक्षेपाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे. रविवार कारंजावरून निघून अहिल्यादेवी होळकर पुलावरून पलीकडे जायचे, रामकुंड, गांधी तलाव, दुतोंड्या मारुती असे करत नारोशंकराच्या देवळापर्यंत यायचे आणि गाडगे महाराज पुलावरून परतायचे, ही माझी नेहमीची वाट आहे. त्या दिवशी आभाळ भरलेले होते आणि पायऱ्या ओल्या होत्या. काळ्या जाड काड्यांचा तो चष्मा पायरीच्या बरोबर मध्यावर, काड्या मिटून, भिंगे वर करून ठेवलेला होता. डाव्या काडीचा स्क्रू गेल्यामुळे तिथे पांढरा दोरा तीन-चार वेढे देऊन बांधलेला होता आणि त्या दोऱ्याचे टोक ओले होऊन दगडाला चिकटले होते. पडलेली वस्तू इतकी नीटनेटकी पडत नाही, हे आपले निरीक्षण अचूक आहे. चष्मा कोणीतरी मांडलेलाच होता, फक्त ते हात माझे नव्हते.

वाटेत सापडलेली दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे माणसे सहसा खिशात घालत नाहीत आणि पायदळीही तुडवू देत नाहीत. ती उचलून जरा उंचावर, शोधत येणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी ठेवतात. लहान मुलाचा एकच बूट कंपाउंडच्या भिंतीवर दिसतो, किल्ली विजेच्या खांबाच्या तारेला अडकवलेली असते, आणि सराफ बाजारात एकदा बंद शटरच्या कडीत कानातला एक खोटा डूल खोचलेला मी पाहिला होता. हरवणारा आणि ठेवणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत. मला फोटो काढावासा वाटतो तो खरे तर या ठेवण्याचा, आणि म्हणूनच वस्तूला हात लावायचा नाही असा माझा नियम आहे. अमेरिकी छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी १९७२ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची सिगारेटची थोटके स्टुडिओत नेऊन टिपली. ती छायाचित्रे थोरच आहेत. पण थोटूक स्टुडिओत आले की रस्ता मागेच राहतो, आणि मला तर रस्ताच हवा असतो.

हा नियम मी एकदा मोडला आहे, तेही सांगून टाकतो. मागच्या लेखातली इस्पिकची राणी फुटपाथवर पालथी पडली होती आणि मी तो पत्ता चपलेच्या टोकाने सुलटा केला होता. त्या छायाचित्राखाली आता तसे नमूद केले आहे.

आपल्याला संशय का आला, हे पाहण्यासाठी मी चष्म्याचे मूळ छायाचित्र पुन्हा उघडले, तेव्हा दोष माझ्या कातरीत सापडला. चौकट स्वच्छ दिसावी म्हणून मी उजवीकडचा भाग कापला होता, आणि नेमक्या त्याच भागात पायऱ्या झाडणाऱ्या मावशींचा खराटा आणि त्यांनी गोळा केलेला निर्माल्याचा ढीग होता. न कापलेले छायाचित्र आता लेखात लावले आहे. त्यात खराट्याच्या ओल्या रेघा चष्म्यापर्यंत येतात, त्याला वळसा घालतात आणि पुढच्या पायरीवर उतरतात.