गावाच्या हाती जंगल म्हणजे कुऱ्हाड?

एक संदेश पुन्हा फिरतोय: "वनहक्क कायद्याने सरकारने जंगलं गावांना वाटून टाकली. फुकटचं मिळालं की माणूस ओरबाडतो. दहा वर्षांत झाडं फक्त फोटोत दिसतील." कायदा 2006 चा आहे. ती दहा वर्षं कधीच उलटून गेली.

आधी 'वाटून टाकली'. शेतीचा वैयक्तिक हक्क 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवरच मिळतो, तोही कमाल 4 हेक्टर, आणि ती विकता येत नाही. सामूहिक हक्कात तर तुकडेच पडत नाहीत. ग्रामसभेला मिळतो तो जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचा कारभार पाहण्याचा हक्क. खोटे वैयक्तिक दावे होतात, नाही असं नाही. पण त्यांचा राग सामूहिक हक्कावर कशाला?

'ओरबाडतो' हा मुद्दा जुना आहे. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन तो मांडला होता. पण त्यांच्या कुरणाला ना राखण होती, ना नियम. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला मात्र 2011 उजाडलं. बांबूचं बेट टिकलं तरच त्याचा पैसा दरवर्षी येतो. कोवळे कोंबच तोडले तर पुढे विकणार काय? ठेकेदाराला ही काळजी नसते, त्याचा ठेका संपतो आणि तो निघून जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. नवी पानं फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. त्यात जंगलाचं नुकसान होतं, म्हणून गावाने हातचं उत्पन्न सोडलं. ओरबाडणारे असे वागतात?

'गावकऱ्यांना वनशास्त्र कळत नाही' असंही संदेशात पुढे आहे. नेपाळने 1993 च्या कायद्याने गावोगावच्या वापरकर्ता गटांकडे जंगलं सोपवली. तिथलं वनाच्छादन 1992 मध्ये 26 टक्के होतं, 2016 मध्ये 45 टक्के झालं. स्थलांतरामुळे पडीक राहिलेल्या शेतांचाही त्यात वाटा आहे. पण गावं जंगल संपवत असती तर आकडा निदान वर गेला नसता.

आणि कुऱ्हाडीबद्दलच बोलायचं, तर ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण निघणार होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. बारा ग्रामसभा भरल्या. बाराही 'नाही' म्हणाल्या.