बटाट्यात खोचलेल्या काडीला मुळे फुटत नाहीत

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तो संदेश तिसऱ्यांदा आला. या वेळी तो पाठवणारी माझी चुलत बहीण होती, जिने नुकतीच भाड्याच्या घरातल्या खिडकीत आयुष्यातली पहिली चार झाडे मांडली आहेत. रोपवाटिकेवाले जे लपवून ठेवतात ते गुपित, असा त्या संदेशाचा मथळा आहे आणि त्याखाली सहा दावे आहेत. कोणत्याही झाडाची फांदी किंवा नुसते पान लावले तरी रोप तयार होते. गुलाबाची काडी बटाट्यात खोचून बटाट्यासकट मातीत पुरावी. काडीच्या टोकाला मध आणि दालचिनी लावावी. पाण्यात ठेवलेल्या फांद्यांचे पाणी बदलू नये, कारण त्यात झाडाचे सत्त्व उतरते. कुंडी भर उन्हात ठेवावी. आणि हे सर्व केल्यास सात दिवसांत मुळे येतात. याच संदेशावर विश्वास ठेवून माझ्या आत्याने यंदा जे गमावले ते परत मिळणारे नाही, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

आत्याचे माहेर, म्हणजे आमचा साताऱ्याचा वाडा, या मे महिन्यात धोकादायक ठरवून रिकामा करण्यात आला. परसात आजीने लावलेला गावठी गुलाब होता, गुलकंदाला वापरतात तो, फिकट गुलाबी आणि वासाचा. वाडा पडणार हे कळल्यावर आत्याने त्याच्या आठ काड्या छाटून ओल्या फडक्यात गुंडाळून ठाण्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेल्या. त्या आठही काड्या तिने आठ बटाट्यांत खोचल्या आणि कुंड्यांत पुरल्या. तीन आठवड्यांनी तिने मला एक छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, ‘फुटला गं गुलाब!’ छायाचित्रात मातीतून वर आलेला हिरवागार, जाडसर देठाचा कोंब होता आणि त्याला मऊ, केसाळ, सुरकुतलेली पाने होती. ती बटाट्याची पाने होती. मी जुलैत तिच्याकडे गेले तेव्हा आम्ही दोघींनी मिळून एकेक कुंडी उकरली. काड्यांची खालची टोके काळी पडून मऊ झाली होती, साल बोटाने ओढताच सरकत होती, आणि बटाट्यांना आंबूस वास येत होता. तोवर परसातले झाड राडारोड्याखाली गेले होते.

म्हणून बटाट्याच्या दाव्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे. संदेशाचे म्हणणे असे की बटाट्यातील पोषणद्रव्ये काडीला मिळतात. ज्या काडीला मुळेच नाहीत ती बटाट्यातले पोषण घेणार कशाने? छाट कलम, म्हणजे झाडापासून कापून लावलेली काडी, मुळे फुटेपर्यंत स्वतःच्या खोडात साठवलेल्या अन्नावर जगते; म्हणूनच कलमासाठी अगदी कोवळा, लुसलुशीत शेंडा न घेता पेन्सिलीच्या जाडीची, भरलेली काडी घ्यायला माळी सांगतात. बटाट्यातला स्टार्च त्याच्या पेशींत बंद असतो. तो काडीच्या उपयोगी पडत नाही, पण बटाटा कापला किंवा भोसकला गेला की कुजवणाऱ्या जिवाणूंच्या मात्र लगेच उपयोगी पडतो. मुळे फुटण्याची जागा म्हणजे काडीचे खालचे कापलेले टोक, आणि आपण नेमके तेच टोक सडू लागलेल्या पदार्थात नेऊन ठेवतो.

या विषयावर ज्या ग्रंथाचा आधार जगभरातील उद्यानविद्येचे विद्यार्थी घेतात तो म्हणजे हडसन हार्टमन आणि डेल केस्टर यांचा ‘प्लांट प्रोपगेशन: प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेस’. त्याची पहिली आवृत्ती 1959 साली निघाली आणि त्यानंतर अनेक आवृत्त्या निघाल्या. कलम ज्या माध्यमात लावायचे त्याने कोणती कामे केली पाहिजेत, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे: काडीला जागेवर घट्ट धरणे, तिला ओलावा पुरवणे, तिच्या बुडाशी हवा खेळती ठेवणे आणि बुडाशी अंधार राखणे. या चार कसोट्यांवर बटाटा लावून पाहावा. काडी तो धरून ठेवतो, अंधारही देतो, आणि ओलावा देतो हे तर मला मान्यच करावे लागेल. कोरड्या हवेत काडी सुकू नये म्हणून प्रवासात दोन दिवस ती बटाट्यात खोचून नेली तर माझी हरकत नाही, आणि या समजुतीचा उगम कदाचित तिथेच असावा. परंतु तिसऱ्या कसोटीवर, म्हणजे हवेच्या बाबतीत, बटाटा पूर्णपणे नापास होतो. मुळे तयार करणाऱ्या पेशींना प्राणवायू लागतो आणि बटाट्याच्या घट्ट, पाणीदार आणि सडू लागलेल्या गरात तो पुरेसा पोचत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पेरलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), किंवा कोकोपीट आणि जाड धुतलेली वाळू समसमान घेतली तर चारही कामे होतात, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

मग लोकांना बटाट्यातल्या काड्या जगल्यासारख्या का दिसतात, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक नवशिक्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुलाबाच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, साठलेल्या अन्नाच्या जोरावर मुळांच्या आधीच फुटू शकतात. दहाव्या दिवशी दोन तांबूस पाने दिसली की माणूस आनंदाने छायाचित्र काढून पाठवून देतो. विसाव्या दिवशी ती पाने मान टाकतात, तेव्हाचे छायाचित्र कोणी पाठवत नाही. वर पालवी आली म्हणजे खाली मुळे आली असे होत नाही. मुळे आली की नाही हे पाहण्याची रीत म्हणजे काडी दोन बोटांत धरून अगदी हळू वर ओढून पाहणे. मुळांनी माती धरली असेल तर ती सहज उचलली जात नाही, थोडा अडसर जाणवतो.

दुसरी गोष्ट केवळ रोपापुरती नाही, ती माणसांच्या जिवाशी निगडित आहे. आत्याच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत मनी प्लांटच्या पाच बाटल्या होत्या आणि संदेशातल्या सूचनेप्रमाणे तिने दीड महिना पाणी बदलले नव्हते, फक्त कमी झाले की वरून घातले होते. मी एक बाटली उजेडाकडे धरली तेव्हा मुळांच्या मधून बारीक अळ्या वळवळत वर येऊन पृष्ठभागाला लटकत होत्या आणि बाटली हलवताच पुन्हा तळाशी जात होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, तर घरातल्या अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महानगरपालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ते याच कारणाने, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठलेले पाणी काढून भांडी कोरडी करा, असे आरोग्य विभाग दर वर्षी सांगतो तेही याच हिशेबाने. नुसते पाणी ओतून देणेही पुरेसे नाही. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर बाटलीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. बाटली आतून ब्रशने घासलीच पाहिजे.

पाण्यात सत्त्व उतरते हे म्हणणे झाडाच्या दृष्टीनेही उलटे आहे. पाणी जितके जुने, तितके त्यात जिवाणू अधिक आणि विरघळलेला प्राणवायू कमी. गढूळ, बुळबुळीत पाण्यात फुटू पाहणारे मूळ तपकिरी पडून गळून जाते. रोज पाणी बदलायची गरज नसते, एवढे मी मान्य करते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बाटली घासून ताजे पाणी भरावे आणि पाण्यात बुडणारे प्रत्येक पान आधीच खुडून टाकावे. सत्तरीच्या बाईला डेंग्यूच्या हंगामात पाणी बदलू नका असा सल्ला ज्याने लिहिला, त्याने झाड तर वाढवले नसावेच, पण माणसांचाही विचार केला नसावा.

कोणत्याही झाडाची फांदी लागते, हा दावा कोकणात जाऊन तपासून पाहावा. फांदी रोवून हापूस लागत असता तर तिथले बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या कोयीच्या रोपांवर कलमे बांधत बसले नसते. नारळ तर बियाणाच्या नारळापासूनच लावतात. संदेशात नावानिशी दिलेला अरेका पाम हाही त्याच कुळातला आहे: त्याची कापलेली झावळी पाण्यात ठेवली तर काही दिवस हिरवी दिसेल, पण तिच्यात फुटण्याजोगा डोळाच नसतो, आणि घरातला अरेका वाढवायचा तर कुंडीतला गड्डा मुळांसकट वेगळा करावा लागतो.

नुसत्या पानाबद्दलचा दावा मात्र अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो अधिक फसवतो. पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपे येतात हे आपण शाळेत शिकलो आहोत; स्नेक प्लांटच्या पानाच्या तुकड्यापासून आणि आफ्रिकन व्हायोलेटच्या देठासकटच्या पानापासूनही नवे रोप होते, जरी पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचे पान लावले तर नव्या रोपाला ती पिवळी कड बहुधा येत नाही. पण मनी प्लांटचे, सिंगोनियमचे किंवा रबर प्लांटचे नुसते पान लावले तर फार तर देठाला मुळे येतील, पान कित्येक महिने हिरवे राहील आणि त्यातून नवी वेल कधीच निघणार नाही, कारण नवा शेंडा येतो तो पेरावरच्या डोळ्यातून आणि तो डोळा आपण झाडावरच ठेवून आलेलो असतो. उसाची लागण करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तो टिपरी, म्हणजे लावणीसाठी उसाचे तुकडे, तोडताना डोळे मोजतो, एक डोळा की दोन डोळे, आणि बिनडोळ्याचे कांडे लावणीसाठी हातात घेत नाही. मनी प्लांटच्या वेलीवर प्रत्येक पानापाशी एक तपकिरी, टणक फुगवटा दिसतो. तेच तयार असलेले मूळ. काप त्याच्या खाली बोटभर अंतरावर घ्यावा आणि तो फुगवटा पाण्यात बुडेल असे पाहावे, म्हणजे नवशिक्याच्या हातूनही ते सहसा चुकत नाही.

मध आणि दालचिनी यांविषयी थोडक्यात. दालचिनीत बुरशीला रोखणारा गुण आहे, तेव्हा कापलेल्या टोकावर चिमूटभर लागल्याने बिघडत नाही, परंतु बुरशी रोखणे वेगळे आणि मुळे फोडणे वेगळे. मध घट्ट असताना जंतूंना वाढू देत नाही, पण पाण्यात किंवा ओल्या मातीत पातळ झाला की ती साखर जंतूंचेच खाद्य होते. मुळे फुटायला चालना देणारे द्रव्य म्हणजे ऑक्सिन. 1935 साली झिमरमन आणि विल्कॉक्सन या संशोधकांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल हे ऑक्सिन त्या कामी येते हे दाखवले आणि आज रूटिंग हार्मोन म्हणून जी पूड मिळते तिच्यात बहुधा तेच असते. गुलाब, जास्वंद, बोगनवेल अशा लाकडी काड्यांना तिचा उपयोग होतो. मनी प्लांट, कोलियस, पुदिना यांना तिचीही गरज नाही.

ऊन आणि सात दिवस हे दोन्ही दावे एकाच अज्ञानातून आले आहेत. बिनमुळाची फांदी पानांतून पाणी गमावत असते आणि ते भरून काढण्याचे साधन तिच्याजवळ नसते, त्यामुळे भर उन्हात ती दुपारपर्यंत कोमेजते. तिला खिडकीजवळचा उजेड द्यावा, ऊन देऊ नये, मोठी पाने अर्धी कापावीत आणि वरून पारदर्शक पिशवी सैल बांधावी. दिवसांचे म्हणाल तर पुदिना आणि कोलियस आठ-दहा दिवसांत मुळे दाखवतात, मनी प्लांटला दोन ते चार आठवडे लागतात, गुलाबाच्या काडीला महिना ते दोन महिने, आणि स्नेक प्लांटच्या पानाला मुळे आल्यावरही नवा कोंब वर यायला आणखी काही महिने जातात. आठव्या दिवशी काडी उपटून पाहणारे लोक नुकतीच तयार होऊ लागलेली मुळे स्वतःच्या हाताने तोडतात, आणि सात दिवसांचे आश्वासन त्यांना नेमके तेच करायला लावते.

संदेशात एक गोष्ट मुळीच सांगितलेली नाही आणि बहुतेक रोपे तिथेच जातात. पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात आणि मातीत त्यांना पुन्हा जुळवून घ्यावे लागते. म्हणून ती दोन इंचांच्या आसपास झाली की रोप लहान कुंडीत हलवावे, हातभर लांब होण्याची वाट पाहू नये, आणि पहिले दहा दिवस माती सतत ओलसर ठेवून पिशवी हळूहळू काढावी. आत्याच्या खिडकीत आता कोलियसच्या तीन फांद्या आहेत, खाली भोके पाडलेल्या दह्याच्या डब्यांत, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर शनिवारी तिने ‘बाटल्या’ असे लिहून ठेवले आहे. साताऱ्याला वाड्याच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी दहा-बारा वर्षांपूर्वी आजीकडून त्या गुलाबाची एक काडी नेली होती असे आत्याला अंधुक आठवते. ते कुटुंब आता कुठे राहते, याची मी चौकशी करते आहे.