बरगड्या मोजणाऱ्या मालकांना

मालक, कारवान कुत्र्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. फोटोतल्या कुत्रीच्या बरगड्या दिसतात म्हणजे मी तिला उपाशी मारतो. दूध-भाकरीवर वाढलेल्या जातीला अंडी-चिकन सांगणं ही शहरी थेरं. हे कुत्रं माळावर मोकळं सोडायचं असतं, जुळे सोलापूरसारख्या शहरी वस्तीतल्या अंगणात बांधायचं नसतं. असले लेख वाचून लोक हौसेनं पिल्लू आणतात आणि वर्षभरात रस्त्यावर सोडून देतात. आणि शेवटी, "आधी कुत्रं पाळा, मग शहाणपण शिकवा."

हे शेवटचं वाचून 'काय बे' अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. अनोळखी माणसाला पहिल्याच ओळीत 'पुस्तकी पंडित' म्हणायची रीत तुमच्याकडे असेल, आमच्याकडे आधी पाणी विचारतात.

एक मान्य करतो. पिल्लांच्या खाण्यावर मी दोनच ओळी लिहिल्या. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं, ते सविस्तर यायला हवं होतं. झालं.

आता बरगड्या. कारवान म्हणा, पश्मी म्हणा, मुधोळ म्हणा, हे नजरेनं सावज धरून पळत गाठणारं कुत्रं. नर खांद्याशी २७-२८ इंच उंच, आणि एवढ्या उंचीला वजन २५ किलोच्या आसपास. छाती खोल, पोट वर ओढलेलं, कातडी पातळ, अंगात चरबी नावाला. अशा कुत्र्याच्या मागच्या तीन-चार बरगड्या आणि कमरेची दोन हाडं दिसतातच, दिसायलाच हवीत. तुमच्या डोळ्यासमोर लॅब्रॅडॉर आहे. पैलवानाच्या मापानं धावणाऱ्याचं अंग मोजू नये.

खरंच उपाशी कुत्रं ओळखायचं तर मांडी बघावी. कण्यावरून हात फिरवावा. मणके टोचत असतील, मांडीचं मांस आत गेलं असेल, केस राठ झाले असतील, तर शंका घ्या. बरगड्या बाहेर आणि पोट मात्र टम्म असेल तर जंत बघा. माझ्या फोटोत मांडी स्पष्ट दिसते. बरगड्या मोजल्यात तशी तीही बघायची होती.

आणि याच अंगकाठीवर त्यांची सगळी काळजी अवलंबून आहे, जी मी लेखात लिहिली होती. चरबी नाही म्हणून थंडी सोसत नाही, जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, रात्री गोणपाट लागतं. उघड्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. छाती खोल म्हणून पोटाला पीळ पडायचा धोका, त्यामुळे खाऊ घालून लगेच पळवायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा फिरवणं उजाडायच्या आत. आणि थायोपेंटलसारख्या भुलीच्या औषधांचा अंमल या अंगातून फार सावकाश उतरतो. माझ्या आधीच्या कुत्रीच्या नसबंदीला एका डॉक्टरांनी इतर कुत्र्यांच्या अंदाजानं भूल दिली होती. ती रात्रीपर्यंत शुद्धीवर आली नाही. मी तिच्या उशाशी बसून होतो. त्या माणसाला तुम्ही 'आधी कुत्रं पाळा' सांगताय.

दूध-भाकरीचंही ऐका. मंगळवेढ्याच्या रानात माझ्या आजोबांकडे ही कुत्री होती, ज्वारीच्या राखणीला. ताक-भाकरी खायची, खरं आहे. पण ससा धरला की त्यातला वाटाही त्यांचाच असायचा, तो तुम्ही हिशेबात धरत नाही. आता १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ससा मारणं गुन्हा आहे. मग तो वाटा कुठून आणायचा? म्हणून भाकरीत अंडं आणि उकडलेलं बिनहाडाचं चिकन. याला थेरं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

बाकीचं किरकोळ. माळावर मोकळं सोडा म्हणता, कुठल्या माळावर? सोलापूरजवळचा नान्नजचा माळ माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, तिथं काळवीट हिंडतात. एकदा सावज दिसलं की या कुत्र्याला मालकाची हाक ऐकू येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शहरात नको म्हणाल, तर २०१६मध्ये लष्करानं मेरठच्या केंद्रात मुधोळ पिल्लं नेऊन शिकवली, मग माझ्या अंगणाचंच काय वावडं? इतिहासाला तुम्ही 'राजेरजवाड्यांच्या गप्पा' म्हणालात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिलेली ही कुत्री, २००५ साली या कुत्र्यांवर टपाल तिकीट निघालं. गप्पांवर तिकिटं निघत नाहीत. लोक वर्षभरात सोडून देतात, हे असेलही. लोकांच्या वागण्याचा ठेका मी घेतलेला नाही.

तुमच्याकडे कारवान आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. त्याचा एक फोटो टाका. बाजूनं, उभं असताना, मांडी दिसेल असा. आणि खाली नाव लिहा. 'एक शेतकरी' या नावाला मी पुन्हा उत्तर देणार नाही.