बेदाण्याच्या पेटीतून आरपार? अवघड आहे सर
लेख भारी झालाय, पण टेराहर्ट्झ रडारने (मायक्रोवेव्ह नि इन्फ्रारेडच्या मधल्या लहरी वापरणारं रडार) बंद पेटीतला खडा लगेच सापडेल हे वाचून आम्हा तासगावकरांना जरा हसू आलं. पुठ्ठा, प्लास्टिक यातून ह्या लहरी आरामात जातात ते खरंय, पण पाणी आलं की तिथंच शोषल्या जातात आणि बेदाणा कितीही सुकवला तरी ओल राहतेच, मग 15 किलोच्या पेटीतून आरपार काय डोंबल दिसणार! बेल्टवर एकेरी थर पसरून वरून परावर्तन घेतलं तर गोष्ट वेगळी.

आणि खरी गंमत तुम्ही एका ओळीत उरकली राव, रेझोनंट टनेलिंग डायोडची, म्हणजे ह्या लहरी तयार करणाऱ्या बारक्या इलेक्ट्रॉनिक भागाची. नॅनोमीटरचे थर, त्यातून इलेक्ट्रॉन टनेल होतो (अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही पलीकडे जातो), व्होल्टेज वाढवत नेलं की एका टप्प्यात करंट चक्क कमी व्हायला लागतो आणि त्या निगेटिव्ह रेझिस्टन्सवरच ऑसिलेटर, म्हणजे लहरी तयार करणारं सर्किट, चालतो, तेपण रूम टेंपरेचरला, टेराहर्ट्झ लहरी देणाऱ्या दुसऱ्या साधनासारखं, क्वांटम कॅस्केड लेसरसारखं, थंड करत बसायची भानगड नाही. पॉवर मात्र अगदीच कमी. शिवाय रडारला 30 गिगाहर्ट्झ बँडविड्थ (वारंवारतेचा पट्टा) दिली तरी अंतरातला बारकावा 5 मिलिमीटर, त्याहून जवळच्या गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, म्हणजे खडा नि बेदाणा एकातच.

पुढच्या भागात रिसीव्हरवर लिहा, तोच डायोड डिटेक्टर, म्हणजे लहरी पकडणारा, म्हणूनपण चालतो ना.