नाकतोड्याच्या नादी

पार्ल्याच्या एका सोसायटीच्या लॉबीत सहा मीटर रुंद जाळी बसवायची होती. कमिटीची अट एकच: "चौकोनी हवी, पण रँडम. खिडकीच्या ग्रिलसारखी नको."

दहा मिनिटांचं काम, असं मी म्हटलं. आणि ग्रासहॉपर हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं.

ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. 2007 साली आला तेव्हा त्याचं नाव 'एक्स्प्लिसिट हिस्टरी' होतं. माझा त्याच्याशी असलेला इतिहास बघता जुनंच नाव शोभलं असतं. यात कोड लिहायचा नसतो. डबे मांडायचे आणि वायरींनी जोडायचे. डबेवाल्यांना हे रोज जमतं; मी करायला बसले की डबा आधी केशरी होतो, मग लाल. (केशरी म्हणजे कुरकुर, लाल म्हणजे संप.)

रँडमच्या डब्याकडे 300 ते 900 मिलिमीटरमधले बारा आकडे मागितले. ते एकापुढे एक मिळवत रेघा आखल्या, तर जाळी सात मीटरच्या पुढे! लॉबीतून निघाली ती थेट लिफ्टमध्ये. दोष माझाच, सरासरी 600 गुणिले 12, हा हिशेब चौथीतलं पोर करेल. मग प्रत्येक आकड्याला एकूण बेरजेनं भागून 6000 नं गुणलं, तेव्हा कुठे ती भिंतीत मावली.

उंचीसाठी तोच डबा कॉपी-पेस्ट केला आणि प्रिंट घेऊन गेले. कमिटीतल्या एका काकूंनी चष्मा वर केला. "अगं, हे जसं आडवं तसंच उभं. ठिपक्यांची रांगोळी काढलीस होय?"

खरंच की! रँडमला सीड नावाचा एक आकडा द्यावा लागतो. सीड तेच, तर बाहेर पडणारे आकडेही तेच. आज, उद्या आणि पुढच्या अधिक महिन्यातही. दोन्ही डब्यांना मी एकच सीड दिलं होतं.

उंचीचं सीड बदललं. मग सीडचा आकडा बदलणारा स्लायडर सरकवायची चटक लागली. 7 बरं वाटे, 8 त्याहून बरं, 9 बघून 7 ची आठवण येई. शेवटची बोरिवली लोकल गेली तेव्हा मी 83 वर होते.

कमिटीनं 47 पसंत केलं. एकमतानं! तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, फक्त हा एक चौकोन जरा डावीकडे घ्या. मीटर बोर्ड दिसतोय."

48 केलं तर अख्खी जाळी हलणार. रात्री घरी बसून 47 बेक केलं, म्हणजे वायरींपासून तोडलं, आणि माउसनं एकेक रेघ हातानं सरकवली.

"वा! कॉम्प्युटरनं केलं ना हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.